मुळांवर प्रयोग करताय? या चुका टाळा

मुळांच्या प्रयोगात सगळ्यात जास्त घाम मुळे धुताना गळतो. सगळ्यात मोठी चूक मात्र त्याच्या कितीतरी आधी, कुंडी निवडतानाच होऊन गेलेली असते.

कुंडी लहान, निष्कर्ष मोठा

वनस्पतिशास्त्रज्ञ हेंड्रिक पूर्टर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये जुने कुंडी-प्रयोग एकत्र करून पाहिले. कुंडीचे आकारमान दुप्पट केले की झाडाचे वजन सरासरी 43 टक्क्यांनी वाढलेले आढळले. म्हणजे आपण ज्याला खताचा किंवा वाणाचा परिणाम म्हणतो, त्यातला बराचसा भाग कुंडीचा असू शकतो. झाडाचे कोरडे वजन दर लिटर मातीमागे 1 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, असा त्यांचा सल्ला आहे. आपल्या प्रयोगाला हा हिशेब एकदा लावून पाहा. बऱ्याच जणांची झोप उडेल.

खोलीचे दुखणे वेगळेच. मूळ तळाला टेकते आणि गोल फिरू लागते. खोल जाणारा वाण आणि उथळ पसरणारा वाण, दोघांचीही मुळे शेवटी त्याच वेटोळ्यात सापडतात. शिवाय कुंडीच्या तळाशी पाणी अडून राहते. शेतात खालच्या थरात जाणे कष्टाचे असते, कुंडीत मात्र सगळ्यात ओला थर तळाचाच. खोलीच तपासायची असेल, तर मीटर-दीड मीटर उंचीचे पाइप वापरा आणि नंतर शेतात पडताळणी करा. पडताळणी टाळायची असेल, तर 'खोल मुळांचा वाण' हे शब्दही टाळा.

'मुळे जास्त, तो वाण सरस'

हा समज जाता जात नाही. हॉवर्ड डिटमर यांनी 1937 मध्ये राय या धान्यपिकाच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळे मोजली, तेव्हा एकूण लांबी 600 किलोमीटरच्या वर भरली. आकडा थक्क करणारा आहे, पण मुळे फुकट वाढत नाहीत. पानांनी तयार केलेल्या अन्नातला मोठा वाटा त्यांच्या वाढीवर आणि श्वसनावर खर्च होतो. मुळांचे अभ्यासक जोनाथन लिंच यांनी मक्यासाठी मांडलेली कल्पना नेमकी उलटी आहे: मुळे मोजकी, तिरपी न पसरता सरळ खाली जाणारी आणि आतल्या पेशी विरून पोकळ झालेली, म्हणजे पोसायला स्वस्त.

त्यामुळे पहिला प्रश्न असा हवा: मिळवायचे काय आहे? नायट्रेट पाण्याबरोबर वाहते आणि खाली झिरपते, म्हणून त्याच्या मागे खोल जावे लागते. स्फुरद (फॉस्फरस) जागचा हलत नाही. मुळाभोवतीचा मिलिमीटरभर पट्टा रिकामा झाला की पुरवठा जवळपास थांबतो. त्यासाठी वरच्या थरात पसरलेली मुळे आणि दाट मूलरोम (मुळांवरचे केसांसारखे तंतू) कामाला येतात. भातातली दोन जनुके हाच फरक दाखवतात. कसालथ या वाणातले पीस्टॉल-1 (2012) सुरुवातीची मूळवाढ वाढवून स्फुरद मिळवून देते. किनानडांग पाटोंग या वाणातले डीआरओ-1 (2013) मुळांचा कोन बदलून ती खोल नेते. आयआर-64 या उथळ मुळांच्या भातवाणात ते आणल्यावर दुष्काळी ताणात उत्पादन वाढले. दोन्हींना 'चांगली मुळे' या एकाच रकान्यात कोंबू नका.

धुण्यात गेलेली मुळे

2 मिमीच्या चाळणीतून बारीक मुळे सर्रास निघून जातात. 0.5 मिमीची वापरा. लांबी बारीक मुळांत असते, वजन जाड मुळांत. म्हणून फक्त वजन करून 'फरक आढळला नाही' असे लिहिणे घाईचे ठरते. मागच्या पिकाची मेलेली मुळेही वेगळी काढा.

रोपावरून पिकाचे भाकीत

कागदावर किंवा जेलमध्ये दहा दिवसांत दिसतात ती मुख्यतः बीजमुळे, म्हणजे बियाण्यातूनच फुटलेली पहिली मुळे. गहू-मक्यात पुढचा बराच भार खोडाच्या पेरांतून फुटलेली मुळे उचलतात. रोपातला क्रम दाणे भरताना टिकेलच असे नाही.

मूळ आहे, पण पाणी पिते का?

मूळ दिसले म्हणजे ते काम करते, असे नाही. थराथराने ओलावा मोजा, पेरणीच्या वेळी आणि काढणीच्या वेळी. ऑस्ट्रेलियात जॉन कर्कगार्ड यांच्या गटाला (2007) असे दिसले की फुलोऱ्यानंतर खालच्या थरातले फक्त 10.5 मिमी जास्तीचे पाणी गव्हाला मिळाले, तर हेक्टरी 0.62 टन धान्य वाढले. मिलिमीटरमागे 59 किलो! पाणी दाणे भरताना मिळाले, म्हणून ही किंमत. साठलेल्या ओलीवरच्या पिकाने तेच पाणी आधी पिऊन टाकले असते तर? जॉन पॅसिउरा यांनी म्हणूनच गव्हाच्या बीजमुळातल्या जलवाहिन्या अरुंद असाव्यात, म्हणजे पाणी जपून वापरले जाईल, असे सुचवले होते.

सगळे वाण एकाच खोलीवर अडतात

अशा वेळी वाणांना दोष देण्याआधी माती तपासा. पेनेट्रोमीटर (जमिनीचा कठीणपणा मोजणारे उपकरण) 2 मेगापास्कलच्या वर गेला तर बहुतेक मुळांची वाढ खुंटते. वाचन वाफशावर घ्या, कारण कोरडी जमीन उगाचच कठीण भासते. थर घट्ट नसेल तर खालच्या मातीचा सामू (पीएच) पाहा. तो 5 च्या खाली असेल तर विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची टोके जाळते.

आणि ऑगर (मातीचा नमुना काढायचा गिरमिट) कुठे रोवला याची नोंद ठेवा: ओळीत, दोन ओळींमध्ये की खताच्या पट्ट्याशेजारी. सातूच्या मुळांवर माल्कम ड्रू यांनी 1975 मध्ये दाखवले, की नायट्रेट, अमोनियम किंवा स्फुरद एकाच पट्ट्यात असेल तर बाजूची मुळे तिथेच गर्दी करतात. पालाशाला (पोटॅशियम) मात्र तसा प्रतिसाद मिळत नाही. ऑगर नेमका त्या पट्ट्यात गेला, तर तुमच्या तक्त्यात त्या वाणाची मुळे उगाचच दाट दिसतील.