‘जखमी’ म्हणजे नक्की काय? जर्मन लढाऊ वैमानिकाची दुखणी कागदांतून कशी शोधावीत

पाडलेल्या विमानांचा आकडा कुठेही मिळतो. तोच वैमानिक आठ महिने कुठे होता असं विचारलं की उत्तर येतं, ‘जखमी होता’. कुठे लागलं, कुठल्या इस्पितळात नेलं, परत विमानात कधी बसला, हे शोधायचं तर सुरुवात जखमेपासून करू नका. आधी उड्डाणांतला खंड शोधा.

वही आडवी धरा आणि चार रकाने पाडा: तारीख, घटना, कागद कुठला, आणि तो कागद लिहिला कधी. चौथा रकाना टाळू नका. त्याच आठवड्यात युनिटच्या कारकुनाने टंकलेली ओळ आणि चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण यांची किंमत एक नसते. आता वैमानिकाच्या उड्डाणवहीतल्या (फ्लूगबुख) आणि विमानं पाडल्याच्या दाव्यांतल्या तारखा ओळीने भरा. उड्डाणवही क्वचितच हाती लागते, दाव्यांच्या याद्या मात्र बऱ्याच छापल्या गेल्या आहेत. जिथे महिनाभर काहीच नाही, तिथे पेन्सिलीने गोल करा.

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक ग्युंटर राल याचं उदाहरण घ्या. २८ नोव्हेंबर १९४१ ला पूर्व आघाडीवर त्याचं विमान कोसळलं आणि पाठीचा कणा तीन ठिकाणी मोडला. तो पुन्हा लढाईत उतरला १९४२ च्या उन्हाळ्यात. दुसरा खंड १२ मे १९४४ पासून सुरू होतो. त्या दिवशी अमेरिकन थंडरबोल्ट विमानांशी झालेल्या झटापटीत त्याच्या डाव्या हाताचा अंगठा गेला. नुसता अंगठा गेला म्हणून माणूस कित्येक महिने बाहेर का राहील, असा प्रश्न पडला पाहिजे. उत्तर जखमेत नाही, नंतर झालेल्या जंतुसंसर्गात आहे. दुखापत एका दिवसाची असते आणि आजारपण महिन्यांचं, म्हणून दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या कागदांत शोधाव्या लागतात. सगळेच खंड दुखण्याचे नसतात हेही ध्यानात ठेवा. रजा, पदक घ्यायला बोलावणं, प्रशिक्षण तुकडीवर बदली, यांनीही उड्डाणं थांबतात.

पुढे युनिट. इथे पहिली चूक होते ती आकड्यात. राल ज्या लढाऊ विमानांच्या मोठ्या पथकात होता त्या जेजी ५२ च्या आधी अरबी ३ आणि टिंब असेल तर तिसरी स्टाफेल, म्हणजे डझनभर विमानांची तुकडी. रोमन तीन असेल तर तिसरा ग्रुप, ज्यात सातवी, आठवी आणि नववी स्टाफेल येते. राल आठव्या स्टाफेलचा होता, म्हणजे रोमन तीनमधला. हा फरक चुकला तर भलत्याच विमानतळाचे कागद चाळत बसाल.

लुफ्तवाफेच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या, क्वार्टरमास्टर जनरलच्या (पुरवठाप्रमुखाच्या) कार्यालयात रोजच्या हानीच्या याद्या बनत. एका ओळीत तारीख, युनिट, ठिकाण, कारण, विमानाचा प्रकार आणि कारखाना क्रमांक, नुकसानीची टक्केवारी, आणि शेवटी माणसाचं नाव व हाल. टक्केवारी विमानाची असते, माणसाची नव्हे. ६० आणि त्याच्या वर गेलं की विमान मोडीत काढलं असं समजायचं. ९० टक्के मोडलेल्या विमानातून वैमानिक चालत बाहेर आल्याच्याही ओळी सापडतात. ‘फेरवुंडेट’ म्हणजे शत्रूच्या हातून जखमी आणि ‘फेरलेट्स्ट’ म्हणजे अपघातात दुखापत. मराठीत आपण दोन्हींना जखमीच म्हणतो, पण जखमींचा बिल्ला पहिल्यालाच मिळे. हा बिल्ला एक-दोन जखमांना काळा, तीन-चारला रुपेरी, पाच किंवा जास्त झाल्या की सोनेरी. हात, पाय किंवा डोळा गेला तर एकाच जखमेत वरचा रंग देत, म्हणून नुसत्या रंगावरून जखमा मोजू नका. बिल्ल्यासोबतचं प्रमाणपत्र मिळालं तर त्यावर जखमेची तारीख असते.

घसघशीत माहिती मिळते ती सैनिकाच्या पगारपुस्तकात, म्हणजे झोल्डबुखात. साधारण १२ आणि १३ क्रमांकाच्या पानांवर इस्पितळांचा तक्ता असतो: इस्पितळ, दाखल तारीख, आजार, सुट्टी दिल्याची तारीख, सही. आजाराच्या रकान्यात बरेचदा नाव नसतं, आकडा असतो. त्यावरून अंदाज बांधू नका. आकडा तसाच उतरवा आणि त्या काळच्या लष्करी आजारयादीशी ताडून पाहा. नवव्या पानाच्या आसपास लसी टोचल्याच्या तारखा असतात. देवी, टायफॉईड, कॉलरा यांच्या लसी एका आठवड्यात टोचलेल्या दिसल्या तर बदलीची तयारी चालली असावी.

हस्ताक्षर हा खरा डोंगर. जुनी जर्मन लपेटी कुरेंट म्हणून ओळखली जाते, आणि मोडी वाचायला बसलेल्या माणसाला तिची धाटणी लगेच कळेल: हात न उचलता ओढलेली अक्षरं, एकात एक मिसळलेली. ‘इ’ हुबेहूब ‘एन’ दिसतो, लांब ‘एस’ ‘एफ’सारखा, आणि ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या वक्र रेघेवरून. आधी महिन्यांची आणि गावांची नावं वाचा. ती आधीच माहीत असतात, त्यामुळे त्या लेखनिकाची वळणं हाती येतात.

आजारांची नावं तर पक्की फसवतात. ‘ट्यूफुस’ लिहिलं असेल तर तो आपला टायफॉईड, विषमज्वर. उवांमुळे पसरणारा टायफस जर्मनमध्ये ‘फ्लेकफीबर’. ‘आंगीना’ म्हणजे छातीत दुखणं नव्हे, घशातल्या गाठी सुजणं. तिशीतल्या वैमानिकाला हृदयविकार चिकटवणारे लेख इथूनच निघतात. ‘गेल्बझुख्ट’ कावीळ, ‘रूर’ हगवण. आफ्रिकेतल्या नोंदींत ही दोन हमखास. गोळीच्या जखमांतही नेमकेपणा असतो: ‘दुर्खशुस’ म्हणजे आरपार, ‘श्टेकशुस’ म्हणजे गोळी आतच अडकलेली, ‘श्ट्राइफशुस’ म्हणजे चाटून गेलेली. हाडांच्या वर्णनात लॅटिन असतं, ते मिरजेतल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला दाखवा, दोन मिनिटांत सांगतील.

‘केव्ही’ हा शेरा लढाईला तंदुरुस्त असल्याचा. साताऱ्यात गावोगावी माजी सैनिक आहेत, त्यांना ‘लो मेडिकल कॅटेगरी’ (तब्येतीमुळे मिळालेली खालची श्रेणी) वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हा त्यातलाच प्रकार. पण जमिनीवर तंदुरुस्त म्हणजे उड्डाणाला तंदुरुस्त असं नाही. उड्डाणासाठी वेगळी वैद्यकीय तपासणी असे, आणि पुन्हा विमानात बसल्याची तारीख इस्पितळातून सुटल्याच्या तारखेपेक्षा पुढे असते.

गावांच्या नावांतही घोळ होतो. आपल्याकडे वाठार स्टेशन वेगळं, वाठार निंबाळकर वेगळं आणि वाठार किरोली वेगळं. तशी जर्मनीत नॉयश्टाट नावाची गावं ढिगाने आहेत. पूर्वेकडची नावं तर आता बदलली आहेत: ब्रेस्लाऊ आज पोलंडमधलं व्रोत्सवाफ आहे, क्योनिग्सबेर्ग रशियातलं कालिनिनग्राद.

आता अर्ज. सैनिकांची कार्डं आणि हानीच्या नोंदी सांभाळणारं बर्लिनचं जुनं कार्यालय २०१९ पासून जर्मन संघीय अभिलेखागारात सामील झालं आहे. युनिटचे कागद फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात असतात. साताऱ्यातून ईमेल पुरतो, मजकूर इंग्रजीत असला तरी चालतो. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, युनिट, ओळखबिल्ल्याचा क्रमांक आणि मृत्यूची तारीख द्या. जन्मतारीख नसेल तर सारख्या नावाचे चार वैमानिक निघतात आणि उत्तर अडकतं. युद्धात मेलेल्यांची जन्मतारीख जर्मन युद्धकबरींच्या संस्थेच्या मोफत ऑनलाइन शोधात मिळू शकते. तिथे नाव टाकताना ‘यू’वरची दोन टिंबं येत नसतील तर ‘यू’पुढे ‘इ’ लावून पाहा.

वैयक्तिक कागदांना कायद्याची मुदत असते: मृत्यूनंतर १० वर्षं, मृत्यू माहीत नसेल तर जन्मापासून १००, दोन्ही माहीत नसतील तर कागद तयार झाल्यापासून ६०. म्हणून मृत्यूचा पुरावा पहिल्याच पत्राला जोडा. उत्तराला महिने लागतात. मध्येच तोच अर्ज पुन्हा पाठवून गोंधळ वाढवू नका, पहिल्या पोचेतला संदर्भ क्रमांक देऊन विचारा. शुल्काचं बिल युरोत येतं. पैसे पाठवायला विदेशी चलनाचे व्यवहार करणारी शाखा गाठा, आणि बँकेचं कमिशन मूळ बिलाहून जास्त जाऊ नये म्हणून दोन-तीन वैमानिकांची विचारणा एकदम करा.

पहिल्या महायुद्धातला वैमानिक असेल तर वाट वेगळी. तेव्हा जर्मनीतल्या प्रशिया आणि बव्हेरिया या राज्यांच्या सैन्यांच्या फायली वेगळ्या असत. प्रशियाच्या सैन्याच्या बहुतांश सेवा-फायली एप्रिल १९४५ मध्ये पोट्सडामवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. बव्हेरियाच्या सैन्याच्या फायली म्युनिकमध्ये वाचल्या. त्यामुळे बव्हेरियन वैमानिकाची शिस्तशीर फाईल मिळू शकते. ‘रेड बॅरन’ म्हणून गाजलेल्या प्रशियन वैमानिक रिश्टहोफेनच्या ६ जुलै १९१७ च्या डोक्याच्या जखमेचा माग मात्र फाईलऐवजी इस्पितळाच्या नोंदी आणि पत्रं यांतून काढावा लागतो. त्या काळच्या छापील हानीयाद्या ऑनलाइन शोधता येतात. त्यात ‘किरकोळ जखमी’ किंवा ‘गंभीर जखमी’ एवढंच असतं आणि यादीवरची तारीख छापल्याची असते, जखम झाल्याची नव्हे.

बर्लिनहून ‘नोंद नाही’ असं आलं तर त्याचा अर्थ त्यांच्या कार्डांत नाही, एवढाच. वैमानिक ब्रिटिशांच्या हाती लागला असेल तर लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात हवाई दलाचे चौकशी अहवाल शोधा. पकडताना अंगावर काय जखमा होत्या हे त्यात कधी कधी पहिल्याच परिच्छेदात असतं.