बाजारभाव पाहण्याआधी शेअरचे मूल्य कसे काढावे

दीर्घकाळासाठी शेअर घेऊ इच्छिणारे बहुतेक जण सुरुवात बाजारभावापासून करतात. माझ्या मते भाव सर्वांत शेवटी पाहावा, कारण तो एकदा नजरेत बसला की पुढचा सगळा हिशेब नकळत त्याच आकड्याशी जुळवला जातो.

सर्वप्रथम कंपनीचे मागील दहा वर्षांचे वार्षिक अहवाल वाचावेत. कंपनी नेमके काय विकते, ग्राहक तिच्याकडेच का येतात आणि तिने दर वाढवले तर ते टिकतील का, हे चार वाक्यांत सांगता येत नसेल, तर ती कंपनी सोडून द्यावी. प्रत्येक व्यवसाय समजलाच पाहिजे असे बंधन कोणावरही नाही.

त्यानंतर नफा-तोटा पत्रकापेक्षा रोख प्रवाहाच्या पत्रकाला अधिक वेळ द्यावा. समजा, कंपनीने १०० कोटींचा निव्वळ नफा दाखवला आहे, पण ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम त्याच वर्षात ८० कोटींवरून १५० कोटींवर गेली आहे. इतर बाबी सारख्या राहिल्या, तर प्रत्यक्षात हाती आलेली रोकड ३० कोटीच ठरते. उरलेला नफा अजून कागदावरच आहे. एखाद्या वर्षी असे घडणे क्षम्य असले, तरी सलग अनेक वर्षे नफा वाढत असताना रोकड वाढत नसेल, तर विक्री उधारीवर रेटली जात असल्याची शंका घ्यावी. कर्ज किती आहे आणि मंदीच्या वर्षातही त्याचे व्याज फेडता आले होते का, हेही याच बैठकीत तपासावे.

आता मूल्याचा अंदाज बांधावा. सर्व खर्च आणि आवश्यक भांडवली गुंतवणूक वजा जाता पुढील वर्षी ६० कोटी रोकड उरेल आणि आपल्याला वार्षिक १० टक्के परतावा हवा आहे, असे धरू. ही रोकड कधीच वाढणार नसेल, तर कंपनीचे मूल्य ६०० कोटी येते (६० भागिले १० टक्के). ती दरवर्षी ४ टक्क्यांनी कायम वाढत राहील असे मानले, तर तेच मूल्य १,००० कोटी होते (६० भागिले १० वजा ४, म्हणजे ६ टक्के). एका गृहीतकाने ४०० कोटींचा फरक पडतो, म्हणून दशांशापर्यंत काढलेल्या मूल्याला मी फारसे महत्त्व देत नाही. अंदाज किमान-कमाल अशा पट्ट्यातच मांडावा आणि खरेदी त्यातील किमान आकड्याच्याही खाली, शक्य तर बरीच खाली करावी. यालाच ‘मार्जिन ऑफ सेफ्टी’ म्हणतात.

चांगली कंपनी कोणत्याही भावाला चालते, असे मानणाऱ्यांनी सिस्को या संगणक-नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा इतिहास पाहावा. मार्च २००० मध्ये तिचा शेअर सुमारे ८० डॉलरवर होता. पुढील वीस वर्षांत कंपनीचे वार्षिक उत्पन्न दुपटीहून अधिक वाढले, तरीही २०२० मध्ये शेअर त्या भावाच्या बराच खाली होता.

खरेदी करतानाच तिची कारणे लिहून ठेवावीत आणि प्रत्येक नव्या वार्षिक अहवालाशी ती ताडून पाहावीत. भाव घसरला एवढ्यावरून विक्री करू नये. मात्र लिहिलेले कारण उरले नसेल, भाव अंदाजाच्या कमाल आकड्याच्याही फार वर गेला असेल किंवा व्यवस्थापनाने हिशेबात लपवाछपवी केल्याचे उघड झाले असेल, तर विकावे. शेवटच्या प्रसंगी तोटा भरून येण्याची वाट पाहत बसू नये.