मार्चमधला बर्फ आणि लेकर

मार्च उजाडला की मला हमखास फोन येतात. "काका, सीझन संपत आलाय म्हणे. एकदा तरी बर्फावर मासे पकडायला जाऊ या ना!" बोलणारा बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांपूर्वी इकडे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, ब्रॅम्प्टनला उतरलेला असतो. सगळा हिवाळा त्याने भाड्याच्या बेसमेंटमध्ये काढलेला असतो, आणि ऑफिसातल्या कुणीतरी त्याच्या कानात घातलेलं असतं की लेक ट्राउट हा मासा गळाला खरा लागतो तो शेवटच्या बर्फात. सांगणारा खोटं बोलत नाही. पण मासा उत्तम लागतो त्याच दिवसांत बर्फ सगळ्यात बेभरवशाचा असतो, हे सांगायचं तो विसरतो. दरवर्षी फोनवर तेच तेच बोलण्यापेक्षा म्हटलं एकदाचं लिहून ठेवावं.

आमच्या भागातल्या माणसाने जायचं ते लेक सिमकोला. गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. हायवे ४०४ ने गेलात तर केझिक, जॉर्जिना, जॅक्सन्स पॉइंट; ४०० ने गेलात तर बॅरी आणि केम्पेनफेल्ट बे. तळं म्हणायचं खरं, पण पसारा ७०० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे बृहन्मुंबईहून मोठा. केम्पेनफेल्ट बे ४० मीटरपर्यंत खोल आहे आणि म्हणूनच उशिरा गोठतो. इथले जुने मासेमार लेक ट्राउटला नुसतं 'लेकर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला 'लेकरू' ऐकू आलं होतं, आणि आमच्या घरात तेच नाव पडलं. "आज लेकरू मिळालं का?" असं बायको विचारते तेव्हा शेजारपाजारची मराठी मंडळी दचकतात.

आधी कागदपत्रं. ऑन्टारियोत १८ ते ६४ वयाच्या माणसाला मासेमारीचं लायसन्स लागतं, आणि वर्षाचं हवं असेल तर सोबत आउटडोअर्स कार्ड, म्हणजे शिकार-मासेमारीचं सरकारी ओळखपत्र. नव्याने आलेले लोक फसतात ते 'रेसिडेंट' या शब्दावर. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचं, कार्ड खिशात आहे म्हणजे आपण रेसिडेंट, असं इथे चालत नाही. मागच्या बारा महिन्यांत सलग सहा महिने ऑन्टारियोत राहिलेला असलात तरच रहिवाशाचा दर, नाहीतर बाहेरच्याचा. जानेवारीत उतरलेल्याने मार्चमध्ये रहिवाशाचं लायसन्स काढलं तर ती खोटी माहिती ठरते. शिवाय वर्षाचं लायसन्स ३१ डिसेंबरला संपतं, ते कधीही काढा. एकदाच जाऊन बघायचं असेल तर एका दिवसाचं काढा, त्याला कार्ड लागत नाही. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या वीकेंडला कॅनडात राहणाऱ्यांना लायसन्सशिवाय मासेमारी करता येते, पण तुमचे फोन तो वीकेंड उलटल्यावरच येतात.

सिमकोवर लेकरचा हिवाळी सीझन १ जानेवारीला उघडतो आणि १५ मार्चला बंद होतो. बर्फावरच्या झोपड्याही, म्हणजे आइस हट, १५ मार्चपर्यंत उचलाव्या लागतात. मी देवगडचा. आमच्याकडे पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना बंदी, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ, हे गणित लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्यामुळे तारीख पाळायची असते हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. इथे नारळ नाही, फक्त स्नोमोबाइलवरून, म्हणजे बर्फावरच्या मोटारगाडीवरून, कॉन्झर्वेशन ऑफिसर हा सरकारी तपासनीस येतो, गोड बोलतो आणि लायसन्स बघायला मागतो. एका माणसाला दोनच गळ. आणि आपल्या प्रत्येक गळापासून ६० मीटरच्या आत राहायचं, तो नजरेसमोर हवा. गळ सोडून गाडीत चहा प्यायला जाऊ नका.

आता बर्फ.

दोन वर्षांपूर्वी नाशिकचा एक मुलगा माझ्याबरोबर आला होता. मार्चचा पहिला आठवडा. त्याने उत्साहाने ऑगर, म्हणजे आपलं गिरमिटच, पण हातभर लांब पात्याचं, बर्फात घातलं आणि ओरडला, "काका, दीड फूट आहे! ट्रक उभा राहील!"

म्हटलं, "जाडी नको सांगूस. कसला आहे ते सांग."

माझ्या हातात स्पड बार होता. आपल्याकडची पहार, फक्त टोक छिन्नीसारखं. जानेवारीच्या बर्फावर पहार मारली की 'टण्ण' वाजतं, पांढरा तारा उमटतो, मनगटाला झिणझिण्या येतात. त्या दिवशी आवाज आला 'खच्च'. दुसऱ्या घावाला पहार वीतभर आत गेली. मी फोडलेला तुकडा त्याच्या हातात दिला. दिसायला दगड. बुटाच्या टोकाने हलकेच ठोकला तर त्याच्या काड्या काड्या झाल्या, काडेपेटी उपडी करावी तशा, आणि बांगड्या किणकिणाव्यात तसा आवाज करत पसरल्या. याला इथे कँडल आइस म्हणतात. मार्चचं ऊन बर्फात शिरतं आणि उभ्या स्फटिकांच्या मधले सांधे आधी वितळवतं. जाडी तीच राहते, पण आत एकमेकांना धरून काहीच नसतं. काड्यांच्या जुडीवर उभं राहण्यासारखं ते. तो मुलगा काही बोलला नाही, फक्त दोन पावलं मागे सरकला. आम्ही सामान आवरलं आणि बॅरीत जाऊन कॉफी प्यायलो.

तेव्हा आकडे पाठ करा, पण ते जानेवारीचे आहेत हेही पाठ करा. स्वच्छ, काळसर-निळसर बर्फ १५ सेंटिमीटर असेल तर एका माणसाने चालावं, स्नोमोबाइलला २५. पांढरा, ओलं हिम गोठून बनलेला बर्फ निम्म्या ताकदीचा, म्हणून दुप्पट हवा. करडा दिसला तर त्यात पाणी भरलंय, पायच ठेवायचा नाही. मार्चमध्ये यातल्या कुठल्याही आकड्यावर न विसंबता दर थोड्या पावलांवर पहार मारत जायचं. आणि दुपारचा बर्फ हा सकाळचा बर्फ नसतो.

हे शेवटचं वाक्य मी माझ्या उजव्या पायाने शिकलो. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सकाळी उणे आठ, किनाऱ्यावरून खडखडीत चालत गेलो. दुपारी अधिक सहा, लख्ख ऊन. त्याच वाटेने, आपल्याच पावलांच्या ठशांवरून परत येताना किनारा चार हातांवर असताना पाय मांडीपर्यंत आत. खाली चिखल होता म्हणून वाचलो. बुटात पाणी, ते पाणी पायमोज्यात, आणि तसंच तासभर गाडी चालवत घरी. किनारा सगळ्यात आधी जातो: दगड आणि लव्हाळे ऊन शोषतात, ओढ्यांचं वितळलेलं पाणी तिथेच येऊन मिळतं. धक्क्यांच्या लाकडी खांबांभोवतीही तेच. बर्फात लांबलचक फटी पडतात आणि कडा एकमेकींवर चढतात, त्या प्रेशर क्रॅकपासून दूर राहा. वारा किनाऱ्याकडून तळ्याकडे जोरात वाहत असेल तर घरीच बसा. सीझनच्या शेवटी मोठाच्या मोठा तुकडा सुटून माणसांसकट आत जाऊ शकतो.

ऑरिलियाजवळ अॅथर्ली नॅरोजला सिमकोचं पाणी अरुंद होऊन लेक कुचिचिंगमध्ये जातं. तिथे ४,५०० वर्षांपेक्षा जुन्या, मासे अडवायच्या लाकडी कुंपणांचे अवशेष पाण्याखाली आहेत. कोकणात खाडीत खुंट आणि कुडाचं कुंपण घालतात ना, त्याच जातीचे. इथल्या मूळनिवासी लोकांनी ही जागा निवडली, कारण तिथे प्रवाह आहे. आणि प्रवाह आहे म्हणूनच तिथला बर्फ कधीच भरवशाचा नसतो. उन्हाळ्यात बघायला जा, जागा फार सुंदर आहे.

पडलातच तर? १-१०-१ लक्षात ठेवा. पहिलं १ मिनिट श्वास आवरायचा, कारण गार पाण्याने छाती धापा टाकू लागते आणि त्यातच माणूस पाणी गिळतो. पुढची १० मिनिटं हातपाय काम देतात. शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. म्हणजे घाबरून पहिलंच मिनिट वाया घालवलं नाही तर वेळ आहे. आलात त्या दिशेला वळा, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला एकदा पेललेलं असतं. गळ्यात अडकवलेले आइस पिक, म्हणजे दोन दांड्यांचे अणकुचीदार खिळे, बर्फात रोवा, पाय मारत पोटावर बाहेर या. उभं राहायचं नाही, गडबडा लोळत दूर जायचं. पिक अगदी स्वस्त मिळतात. बॅगेत ठेवू नका, गळ्यातच हवेत. तरंगणारा फ्लोटर सूट महाग असतो, पण मार्चमध्ये तो अंगावर नसेल तर मी कुणाला सोबत नेत नाही. बायको त्याला माझी पैठणी म्हणते.

एवढं वाचून नको वाटलं असेल तर सोपा मार्ग आहे, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांना मी तोच सांगतो: हट ऑपरेटरकडे जा. माणशी पैसे घेतात, स्वतःच्या वाहनाने बर्फावर नेतात, आत हीटर, जमिनीत भोकं तयार, गळ हातात. ही मंडळी रोज सकाळी बर्फ तपासतात. त्यांनी "आज बंद" म्हटलं तर तुमचा वीकेंड फुकट गेला म्हणून हुज्जत घालू नका. बऱ्याच वर्षी ते १५ मार्चच्या आधीच गाशा गुंडाळतात, आणि ते उठले की आपणही उठायचं. हटमध्ये हीटर चालू असताना झरोका थोडा उघडा ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कपडे: आत लोकर, जीन्स नको, सुती बनियन नको. बुटांना खाली काटे लावा, कारण मार्चचा ओला बर्फ तेलकट लादीसारखा असतो. गॉगल हवाच. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा; ऊन खालून वर येतं. माझी हनुवटी एकदा अशी भाजली होती की ऑफिसात सगळ्यांनी विचारलं.

आता लेकरूकडे वळू. हा थंड पाण्यातला शिकारी मासा. उन्हाळ्यात तळाशी दडून बसतो, पण बर्फाखाली सगळंच पाणी गार, त्यामुळे कुठेही हिंडतो. सीझनच्या शेवटी तर स्मेल्ट आणि हेरिंग या छोट्या माशांच्या मागे उथळ पाण्यात किंवा मधल्याच उंचीवर सापडतो. भोक आठ इंची हवं, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढायचा. (झारा हाच शब्द. दुकानात स्किमर म्हणतात, पण घरात बुंदी पाडायचा असेल तर तोच आणा.) गळाला खोटं आमिष: पांढरी ट्यूब जिग किंवा चंदेरी चमचा. जिवंत आमिषाच्या भानगडीत पडू नका. त्याचे नियम वेगळे आहेत, आणि उरलेलं आमिष तळ्यात ओतणं गुन्हा आहे.

सोनार, म्हणजे पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र, मात्र भाड्याने का होईना घ्या. पडद्यावर तळ म्हणजे लाल जाड पट्टा, तुमचा गळ म्हणजे हिरवी बारीक रेघ. गळ तळापासून हातभर वर हळूच नाचवत राहायचं. अर्धा तास काही नाही. मग तळाच्या पट्ट्यातून एक जाड रेघ सुटून वर येऊ लागते. इथेच नवखा माणूस चुकतो: मासा आला म्हणून श्वास रोखून गळ थांबवतो. थांबलेलं भक्ष्य लेकरला पटत नाही, तो वळून जातो. रेघ जवळ आली की गळ वर घ्यायला लागा, भराभर, घाबरलेला मासा पळावा तसा. रेघ मागे लागते, तुम्ही वर, ती वर, दहा फूट, वीस फूट, आणि मग काठी एकदम वाकते. त्या दहा सेकंदांसाठी लोक पहाटे चारला उठतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात, तेव्हा तर तीनला.

हा मासा सावकाश वाढतो आणि दीर्घायुषी असतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्यात फॉस्फरस वाढला, खोल पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला आणि सिमकोतली त्याची नैसर्गिक पैदास जवळजवळ थांबली. तेव्हापासून सरकार पिल्लं सोडत आलं आहे, सोडताना एखादा पर छाटून. २००८ साली तळ्यासाठी वेगळा कायदाही झाला. आता तळ्यातच जन्मलेले मासे पुन्हा दिसू लागलेत. सगळे पर शाबूत असलेला मासा आला तर मी तो सोडतो. कायद्याची सक्ती नाही, माझी आपली सवय. सोडायचाच असेल तर भोकातच सोडा. उणे दहात बर्फावर ठेवून फोटोसेशन केलं तर कल्ले गोठतात, मग सोडून उपयोग नाही.

ठेवलात तर कापाकापी घरी. किती मासे आणि कुठले, हे तपासणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून बर्फावर बसून तुकड्या पाडू नका. आणि वॉट्सअॅपवर "ताजा ट्राउट, कुणाला हवा?" म्हणत भाव लावू नका, हौशी लायसन्सवर पकडलेला मासा विकायला बंदी आहे. मोठ्या माशात पारा जास्त साठतो, म्हणून गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर सरकारची ऑन्टारियोतले मासे खाण्याविषयीची पुस्तिका आधी बघा. त्यात तळ्यानुसार आणि माशाच्या लांबीनुसार महिन्यातून किती वेळा खावा ते दिलंय.

चव? सुरमईची अपेक्षा ठेवू नका. मांस गुलाबीसर आणि तेलकट, बांगड्याच्या वळणाचं पण गोड्या पाण्याचा वास असलेलं. कातडी आणि पोटाकडची चरबी काढा, हळद-मीठ-आमसुलात अर्धा तास ठेवा, वास जातो. नारळाच्या वाटणात घालू नका. तेलावर तेल होतं. मी तिरफळं आणि लाल मिरचीचं तिखलं करतो, नाहीतर रवा लावून तव्यावर. डोकं टाकू नका, त्याचं सार माझ्या आईलासुद्धा आवडलं होतं, आणि ती गोड्या पाण्यातल्या माशाला मासा मानत नाही.

१५ मार्चनंतर लेकरसाठी काठी आत. मेच्या दुसऱ्या शनिवारी सीझन पुन्हा उघडतो, पण तेव्हा बोट लागते, आणि मला गोड्या पाण्यातही बोट लागते, म्हणजे मळमळते. त्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी फोन करा.