मानशीचं दार आणि ठोकळ्यांचा बांध

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या शाळेत सातवीची मुलं भरती-ओहोटीची व्याख्या घडाघड म्हणायची. पण नदीचं खारं पाणी खाजन शेतात, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतात, का शिरत नाही, असं विचारलं की वर्ग गप्प. काहींच्या घरची भातशेती खाजनातच होती, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हा मी लुआंटी वापरायचं ठरवलं. २०२४पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. ठोकळे रचून जग उभारायचा हा खेळ फुकट मिळतो आणि जुन्या संगणकांवरही चालतो. शिक्षकाच्या लॅपटॉपवर सर्व्हर सुरू करून बाकीचे संगणक केबलने जोडले की इंटरनेटही लागत नाही. माइनक्राफ्टच्या शाळांसाठीच्या आवृत्तीत तयार धडे पुष्कळ आहेत, पण तिची वर्गणी आम्हाला झेपणारी नव्हती.

पहिला तास वाया गेला. मी मुलांना मोकळं सोडलं. त्यांनी खड्डे खणले, एकमेकांची घरं पाडली. पुढच्या वेळी कामच ठरवून दिलं: चाळीस मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच बांध घाला. ठोकळ्याची प्रत्येक बाजू एक मीटरची, म्हणून २४० ठोकळे लागतील हे मुलांनी आधी वहीत मांडलं. घनफळ मी फळ्यावर शिकवलंच नाही.

बांध झाला. मग एका मुलीने विचारलं, "सर, भरती खंय?"

खरंच, या खेळात भरती नाही. नदीचं पाणी आपणहून चढत नाही. मला आधी ही उणीव वाटली होती, पण धडा तिथेच होता. वर्ल्डएडिट हा जोड लावला की एका आज्ञेत पाण्याचा थर चढवता-उतरवता येतो, म्हणून मीच समुद्र झालो. मुलं बांधातले दोन ठोकळे भरतीला लावत, ओहोटीला काढत. चार-पाच फेऱ्यांत कंटाळली. रात्रीच्या भरतीला कोण जागणार, यावर वाद पेटला आणि त्यातून एकाने दार सुचवलं: बाहेरचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने मिटणारं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडणारं. मानस, म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार, असंच चालते. ते दार मग आम्ही प्लास्टिकच्या टबात पुठ्ठ्याचं करून पाहिलं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एवढं नक्की पाळावं: एका संगणकावर दोघं, आणि दर दहा मिनिटांनी माउस दुसऱ्याच्या हाती. हे सांगितलं नाही, तर मुली बघतच राहतात. शेवटची दहा मिनिटं पडदे बंद, वह्या उघड्या. गुण मात्र देऊ नका. गुण आले की मुलं वाद घालणं सोडतात, असा माझा अनुभव आहे.

पावसाळ्याआधी आम्ही चोडण बेटावर गेलो. ओहोटी लागली होती, मानशीच्या फळ्या आतल्या पाण्याने ढकलल्या जात होत्या. मी काही बोलायच्या आत दोघं जण पावलांनी बांधाची रुंदी मोजू लागले होते.