टॉरचा एक्झिट रिले चालवताना कायद्याची बाजू कशी सांभाळावी

टॉर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरायचं जाळं. त्यात माहिती स्वयंसेवकांच्या अनेक सर्व्हरवरून, म्हणजे रिलेंवरून, पुढे जाते आणि शेवटच्या ‘एक्झिट’ रिलेवरून उघड्या इंटरनेटवर पडते. मी जर्मनीत भाड्याच्या सर्व्हरवर आठ वर्षं असा एक्झिट रिले चालवतोय. सर्व्हर उभा कसा करायचा ते तुम्हाला येतं असं धरतो. इथे फक्त पोलीस आणि वकिलांशी गाठ पडते तेवढा भाग.

आधी कोणता रिले ते ठरवा. मधल्या रिलेचा किंवा ब्रिजचा (टॉरमध्ये शिरायचा, जाहीर यादीत नसलेला रिले) आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, शेवटच्या संकेतस्थळाला दिसत नाही, त्यामुळे तक्रारी क्वचितच येतात. एक्झिटचं उलट आहे. दुसऱ्या कुणाचीही आगळीक नोंदीत तुमच्याच पत्त्यावर दिसते.

एक्झिट घरच्या इंटरनेटवर कधीही चालवू नका. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मॉस्कोतले गणिताचे शिक्षक दिमित्री बोगातोव यांच्या घरी एक्झिट होता. एप्रिल २०१७ मध्ये त्यांना अटक झाली आणि आरोप मागे घ्यायला मे २०१८ उजाडला. झडती झाली की फक्त रिलेचा संगणक जात नाही, मुलांचे लॅपटॉपही जातात.

होस्टिंग कंपनीची लेखी परवानगी घ्या. मी पहिल्या कंपनीला विचारलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात सर्व्हर बंद आणि भरलेले पैसे बुडाले.

सर्व्हरच्या पत्त्याला ‘टॉर-एक्झिट’ असं उघड नाव द्या, ८० नंबरच्या पोर्टवर खुलासा देणारं पान ठेवा, संपर्काचा ईमेल लिहा.

आता पोलिसांचं पत्र. माझी खरी दमछाक इथे झाली. पहिलं पत्र आलं तेव्हा मी कांद्याच्या पापुद्र्यांसारखं एन्क्रिप्शन कसं चालतं ते समजावत तीन पानं लिहिली. अधिकाऱ्याला त्यातलं काहीच नको होतं, उलट शंका वाढून दुसरं पत्र आलं. आता मी सहा ओळी लिहितो: हा पत्ता टॉरचा एक्झिट आहे, कोणी काय पाठवलं याची नोंद माझ्याकडे नाही आणि नव्हती, त्या तारखेला हा पत्ता रिले होता हे टॉर प्रकल्पाच्या ‘एक्झोनरेटर’ या शोध-पानावर तपासता येईल. सोबत त्या पानाची छापील प्रत. बस्स.

उत्तर देण्याआधी मात्र तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय की संशयित म्हणून, ते नीट वाचा. जर्मनीत संशयिताला पोलिसांच्या बोलावण्यावरून जायची सक्ती नाही. सरकारी वकिलाने किंवा न्यायालयाने बोलावलं तर जावंच लागतं. संशयित असाल तर त्या सहा ओळीही वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका. आणि साक्षीदार आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. जून २०१८ मध्ये त्स्वीबेलफ्रॉइंडे या टॉरला मदत करणाऱ्या जर्मन संस्थेच्या मंडळींच्या घरांवर छापे पडले, ते साक्षीदार म्हणूनच. म्युनिकच्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, पण नंतर.

सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘पोलिसांना मदत म्हणून रिलेतून जाणारी माहितीची वाहतूक तपासा’. मीही एकदा निघालो होतो, वकिलाने थांबवलं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याचं कलम ४ नुसती वाहतूक करणाऱ्याला दायित्वातून सोडतं, पण तीन अटींवर: पाठवणं तुम्ही सुरू केलेलं नसावं, घेणारा तुम्ही निवडलेला नसावा, मजकूर तुम्ही निवडलेला किंवा बदललेला नसावा. मजकुरात हात घातलात की हे कवच तुम्हीच पातळ करता. शिवाय दूरसंचाराची गुप्तता इथे कायद्याने बांधलेली आहे. पत्र पोचवायचं, फोडायचं नाही.

अमेरिकेतल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५१२ (अ) सगळीकडे ढाल म्हणून पुढे करतात. ते फक्त कॉपीराइटपुरतं आहे, गुन्ह्याच्या तपासात त्याचा उपयोग नाही.

पुण्या-नाशिकचे मित्र विचारतात, त्यांना मी भारतातल्या सर्व्हरवर एक्झिट नको असंच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देतं खरं, पण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा देणाऱ्यांनी आणि मध्यस्थांनी १८० दिवसांचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, ठेवायचे आहेत. लॉग न ठेवणं हाच तर रिलेचा पाया.

शेवटचं काम: वकिलाचा नंबर घरच्यांकडेही देऊन ठेवा. दार वाजेल तेव्हा तुम्ही ऑफिसात असू शकता.