मिनी लेथवर क्यू धरताय? आधी मागची बाजू बघा

पूल क्यूची (पूल खेळायच्या काठीची) टिप किंवा फेरूल (टिपखालची छोटी नळी) बदलायला मिनी लेथ, म्हणजे छोटं खरादी मशीन पुरतं, फक्त स्पिंडलचं (फिरणाऱ्या पोकळ दांड्याचं) भोक मोजून घ्या, बऱ्याच मशीनला 20 मिमीच असतं, म्हणजे 12-13 मिमीचं टोक मागून आरामात पुढे येतं पण बट, म्हणजे क्यूचा मागचा जाड भाग, काही जात नाही. खरी कटकट मागे लोंबणाऱ्या जाड भागाची, स्पीड वाढवला की तो जो फडफडायला लागतो ना, पुढचं टोक गोल निघतच नाही. त्याला मागे आधार म्हणून प्लायच्या उभ्या तुकड्यात बेअरिंग बसवा, आत नायलॉनचं बुश (नळीसारखी कडी), आणि सेंटर स्पिंडलच्या लाइनीत आणूनच घट्ट करा, इथे घाई नको. चकमध्येपण (पुढे क्यू पकडणाऱ्या जबड्यांत) उभी चीर मारलेलं नायलॉन बुश घाला, नाहीतर जबडे क्यूच्या मेपल लाकडात रुततात. टोक चकच्या इंचभरच बाहेर ठेवा. सँडपेपर मारताना लेथच्या बेडवर (खालच्या लोखंडी पट्ट्यांवर) जुना कागद टाका राव!