गृहकर्जाची कागदपत्रं एका पीडीएफमध्ये: सॉफ्टवेअर निवडण्याआधीची तयारी

बँकेतून निरोप येतो, ‘सगळी कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये पाठवा.’ मग बरेच जण ‘फ्री पीडीएफ मर्ज’ असं शोधतात आणि जी साइट आधी उघडेल तिच्यावर आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि सातबारा चढवून मोकळे होतात. गृहकर्जाच्या फाइलमध्ये आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख, सही, पगार, खाते क्रमांक आणि मिळकत असं सगळं एका जागी असतं. एवढं सगळं अनोळखी सर्व्हरवर पाठवायची काहीही गरज नाही. फाइलची जोडणी आपल्याच कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवूनही चालणाऱ्या सॉफ्टवेअरने करावी, असा माझा ठाम आग्रह आहे. अशी सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि ती उत्तम आहेत. पीडीएफ हा प्रकार १९९३ मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने आणला, पण २००८ पासून तो आयएसओ ३२००० हे खुलं मानक आहे, त्यामुळे कोणालाही त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिता येतं.

सॉफ्टवेअरच्या आधी कागद. सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये गोळा करा आणि त्या फोल्डरची प्रत काढून काम त्या प्रतीवरच करा. मूळ फाइलना हात लावू नका. मग बँकेने दिलेल्या यादीच्या क्रमाने नावं द्या. आकडे ०१, ०२ असे दोन अंकी घाला, कारण नुसतं १, २ लिहिलं तर अनेक ठिकाणी १ नंतर थेट १० येतं आणि क्रम विस्कटतो. फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवलेली बरी. कागद चढवायची काही पोर्टल देवनागरी नावं नाकारतात. नाव विचारपूर्वक द्या, ते पुढे कामाला येणार आहे.

आता प्रत्येक फाइल एकदा उघडून बघा. ई-आधारला पासवर्ड असतो: आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि त्यापुढे जन्मवर्ष. ई-पॅनला जन्मतारखेचे आठ आकडे लागतात. बँक स्टेटमेंटचा पासवर्ड बँकेच्या ईमेलमध्येच सांगितलेला असतो. हे सगळे पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवा, कारण कुलूपबंद फाइल मधे आली की जोडणी तिथेच अडते. बँकेला चालत असेल तर आधार क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करा. तेवढं पुरत असताना पूर्ण क्रमांक कशाला द्यायचा?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते डिजिटल स्वाक्षरीकडे. १५ रुपये भरून काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा ई-आधार यांच्यातली सही म्हणजे नुसतं चित्र नव्हे. सही झाल्यानंतर फाइलमध्ये काही बदललेलं नाही, याची ती खूण असते. दुसऱ्या कागदांबरोबर जोडलं की फाइल बदलते, आणि सहीची तपासणी होईनाशी होते. कधी सहीचा चौकोन दिसत राहतो, कधी तोही गायब होतो. हा कुठल्या सॉफ्टवेअरचा दोष नाही, पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही हेच होईल. कुलूप काढायला ब्राउझरमध्ये फाइल उघडून ‘प्रिंट’मधून पुन्हा पीडीएफ केली, तरी सही जातेच. म्हणून सही असलेले कागद ओळखून वेगळ्या फोल्डरमध्ये मूळ रूपात ठेवा. जोडलेल्या फाइलमध्ये त्यांची पानं असू देत, पण बँकेला मूळ फाइलही सोबत पाठवायच्या आहेत.

स्कॅनचं थोडक्यात. छापील कागद १५० ते २०० डीपीआयवर (म्हणजे इंचामागे तेवढे ठिपके), ग्रेस्केलमध्ये, म्हणजे रंगांऐवजी करड्या छटांत, स्पष्ट वाचता येतो. ३०० डीपीआय रंगीत स्कॅनने फाइल उगाच फुगते. जोडल्याने आकार कमी होत नाही, सगळ्या फाइलची जवळपास बेरीजच होते. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे आणि पोर्टलची बहुधा त्याहून बरीच कमी असते. जड पानं जोडण्याआधीच पुन्हा स्कॅन करणं, हे नंतर फाइल दाबून बारीक (कॉम्प्रेस) करण्यापेक्षा चांगलं, कारण दाबताना आधी शिक्के आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

आता निवड. विंडोजमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ असतं, पण ते तयार पीडीएफ एकमेकांना जोडत नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडर मोफत आहे, पण कॉम्प्युटरवर त्यातून फाइल जोडायच्या तर पैसे भरावे लागतात. मॅक असेल तर काही उतरवून घ्यायलाच नको: प्रिव्ह्यूमध्ये बाजूच्या पट्टीत छोटी पानं दिसतात, दुसरी फाइल ओढून तिथे सोडली की काम झालं. विंडोज किंवा लिनक्सवर माझी पहिली पसंती पीडीएफसॅम बेसिकला. ते मोफत आहे, मुक्त स्रोत (म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो) आहे, फाइल आपल्या कॉम्प्युटरबाहेर पाठवत नाही आणि पानांवर स्वतःचा शिक्का मारत नाही. पानं डोळ्यांनी बघून मागेपुढे करायची असतील, आडवं आलेलं पान फिरवायचं असेल, तर पीडीएफ अरेंजर जास्त सोयीचं. स्टेटमेंटमधली मोजकीच पानं हवी असतील तर दोन्हींत चालतं.

कोणतंही सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. डाउनलोडच्या पानावर मोठं हिरवं बटण दिसलं म्हणून ते दाबू नका, पुष्कळदा ती जाहिरात असते. इन्स्टॉल होताना पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीची चाचणी विचारली, तर तिथली टिक काढा. ‘मोफत’ लिहिलेलं सॉफ्टवेअर पारखायला साधा उपाय: आधी बिनमहत्त्वाच्या दोन फाइल जोडून बघा. वॉटरमार्क आला, ठरावीक पानांनंतर थांबलं किंवा सेव्ह करताना खातं उघडायला लावलं, तर ते काढून टाका. ऑफिसच्या मशीनवर इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर पीडीएफसॅमची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्तीही मिळते.

कॉम्प्युटर नसेल तर? आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये अनेक फाइल निवडून ‘क्रिएट पीडीएफ’ करता येतं. अँड्रॉइडवर कागदच स्कॅन करायचे असतील तर गुगल ड्राइव्ह अनेक पानांची एकच पीडीएफ करून देतं. मात्र ती ड्राइव्हवर जाते हे ध्यानात असू द्या. नेट कॅफेत जावंच लागलं तर पेनड्राइव्हवरून काम करा, आणि निघण्याआधी डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि रिसायकल बिन स्वतः तपासून फाइल पुसा. दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवायची पद्धत फार रुळली आहे, पण ते कागद त्याच्या फोनमध्ये राहतात. शक्यतो टाळाच.

पीडीएफसॅममध्ये फाइल यादीत ओढून घ्या, क्रम बघा, आणि सुरू करण्याआधी काही पर्याय नक्की निवडा. प्रत्येक फाइलसाठी एक बुकमार्क करायला सांगा; कर्जाची फाइल तपासणारा माणूस थेट सातबाऱ्यावर किंवा फॉर्म सोळावर उडी मारू शकतो. फाइलचं नाव इथे कामाला येतं. करारनामा लीगल आकाराचा आणि बाकी पानं ए-फोर असतील, तर पानांचा आकार जुळवण्याचा पर्याय आहे. बँक दोन्ही बाजूंनी छापून घेणार असेल तर विषम पानांच्या फाइलमागे कोरं पान घालायला सांगा, नाहीतर तुमच्या पगाराच्या स्लिपेच्या पाठीवर सहकर्जदाराचं पॅन येईल.

जोडून झाल्यावर पानांची बेरीज करा: सुट्या फाइलमधून घेतलेली पानं, घातली असतील तर कोरी पानंही धरून, नव्या फाइलच्या पानांशी जुळली पाहिजेत. एकदा कॉम्प्युटरवर आणि एकदा फोनवर शेवटपर्यंत उघडून बघा, मराठी मजकुराच्या पानांवर थोडं थांबा; जोडाक्षरं तुटलेली किंवा चौकोन दिसले तर ती मूळ फाइल पुन्हा काढावी लागेल. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शीर्षक आणि लेखकाच्या जागी दुसऱ्याच कोणाचं नाव नाही ना, हेही बघा. मग ईमेलला जोडलेली फाइल, डिजिटल सहीच्या मूळ फाइल आणि कोणत्या पानापासून काय आहे याच्या चार ओळी लिहून पाठवा. मूळ फाइलना पासवर्ड असतील तर ते त्याच ईमेलमध्ये लिहू नका, बँकेतल्या माणसाला फोन करून सांगा.